उजवी कूस, डावी कूस

शिरूर,
४ ऑक्टोबर १९७३

चि. ललिता हिस गेनूमामाचा जयभीम.

तुझा लिफाफा आणि त्यातले छापील पत्रक मिळाले. पत्रक मी दोनदा वाचले. एकदा मजकुरासाठी, आणि दुसऱ्यांदा मजकूर कुठे आहे हे शोधण्यासाठी. दौंडच्या ‘सैनिक कुटुंब सेवा समिती’ने जखमी जवानांच्या घरच्यांसाठी दर रविवारी शुश्रूषेचा वर्ग काढला आहे, एवढीच त्यात माहिती आहे. बाकी सजावट. पहिलेच वाक्य पाहा: ‘वीराची सेवा हा भारतीय नारीचा उपजत धर्म आहे.’ जे उपजत आहे त्याचा वर्ग कशाला? आणि ज्याचा वर्ग काढावा लागतो ते उपजत कसे? दोहोंपैकी एक विधान मागे घेणे भाग आहे. अध्यक्ष पोपटराव यांनी दोन्ही एकाच पत्रकात, गुलाबी शाईत छापली आहेत. असली भाषा वाचली की मला तळहाताला पाक लागल्यासारखे होते. हात धुवावेसे वाटतात.

तरीही तू वर्गाला जा. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या जावयाच्या, बन्सीच्या, मणक्यात तोफगोळ्याचा तुकडा शिरला आणि कमरेखालचा देह त्याच्या हुकमातून गेला. इस्पितळाने त्याला घरी सोडले तेव्हा एका दुपारी तुला चार गोष्टी घाईने दाखवल्या आणि पुढचे सारे आयुष्य तुझ्या हवाली केले. त्याला कूस कशी द्यावी, रबरी नळी कशी उकळावी, कातडी कुठे लाल होते ते कसे ओळखावे, हे कोणी नीट शिकवीत असेल तर ते शिकण्यासारखे आहे. त्यासाठी गुलाबी शाई सोसावी.

एक प्रश्न. पत्रकावर नावे भरायची जागा आहे तिथे तू फक्त स्वतःचे नाव लिहिले आहेस. तुझा दीर म्हाळू लोकोशेडमध्ये इंजिनाचे जड भाग उचलतो. त्याचे नाव का नाही?

तुझा,
गेनूमामा


दौंड,
१४ ऑक्टोबर १९७३

मामांस ललिताचा जयभीम. पत्रास कारण की, तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. गुलाबी शाईवर लई हसले. म्हणले, “मामांना समितीवर घ्या, मंग वर्ग उघडायच्या आत बंद पडंल.”

वर्गाला जाऊन आले. शिकवणारी शेवंताबाई नर्स हाय, रिटायर झालेली. बाई कडक पर शिकवती झ्याक. माणूस कुठनं आणायचा म्हणून गादीची वळकटी बांधली हाय, तिलाच कूस द्यायची, तिलाच पुसायचं, तिच्याच बुडाखाली भांडं सरकवायचं. आम्ही बायांनी वळकटीचं नाव पोपटराव ठिवलंय. “पोपटरावांना उताणं करा गं,” म्हणलं की शेवंताबाई सुद्धा तोंड फिरवून हसती.

म्हाळूभावजींचं इचारलं तुम्ही. वर्ग नुसता बायांचा हाय. बाप्याला दारातनंच परत लावत्यात. आन् नसता लावला तरी भावजी आले नसते. शेडमधी ते ग्रीसमधी कोपरापातूर हात घालत्यात, पर हितं उंबऱ्याच्या आत येत न्हाईत. उंबऱ्यात उभं राहून “दादा, बरं हाय का?” इचारत्यात आन् जात्यात. त्यांची बायको धुरपदा, पोरगी गुणाची हाय. भाकरी, पाणी, धुणं, समदं वढती. पर थोरल्या दिराम्होरं तिचा डोईवरचा पदर अजून हालत न्हाई, अंगाला हात कशी लावंल? सासूबाई असत्या तर निराळं. म्हंजी ह्या घरात ह्यांच्या अंगाला हात लावणारी मी एकटीच. मला एकदम उचलायचं जमत न्हाई, मी आधी खांदं वळवती, मंग कंबर, मंग पाय. हे वरनं सांगत असत्यात, “आता इंजान वळलं, आता डबं वळू द्या.”

मला सुद्धा थोडं दुखतंय खुपतंय, ते पुन्यांदा लिहीन.

एक लिहू का? राग मानू नका. वैशाखात तुम्ही आला तवा रुमाल नाकाला लावून बसला होता. हे म्हणले, मामांना सर्दी झाली वाटतं वैशाखात. त्यांना समदं कळतं.

तुमची,
ललिता


शिरूर,
२९ ऑक्टोबर १९७३

चि. ललिता हिस जयभीम.

वळकटीच्या नामकरणाबद्दल तुझ्या वर्गभगिनींचे अभिनंदन कळव. सर्दीबद्दल बन्सीचे निदान अचूक आहे. घाणीचा वास मला सोसवत नाही, कधीच सोसवला नाही. त्याचे समर्थन मी करीत नाही आणि त्याबद्दल दिलगिरीही लिहीत नाही.

पुरुषांना वर्गात घ्यावे असे मी समितीला लिहिले होते. अध्यक्षांचे उत्तर आले. ‘मलमूत्राची कामे करणे पुरुषाच्या स्वाभिमानास बाधक असल्याने आपली सूचना मान्य करता येत नाही.’ ज्याच्या मलमूत्राविषयी हे चालले आहे तोही पुरुषच आहे. पत्नीच्या हातून त्याची स्वच्छता झाली तर कोणाचाच स्वाभिमान जात नाही. भावाच्या हातून झाली तर भावाचा जातो. म्हणजे स्वाभिमान नावाची जी वस्तू पोपटराव सांभाळीत आहेत ती स्त्रियांना मुळात नसतेच, हे गृहीत आहे. घाण कोणी काढायची हे जन्मावरून ठरवण्याची रीत मला नवी नाही. आपल्या आजोबांच्या गावी मेलेले ढोर ओढायला बोलावणे येई तेव्हाही बोलावणाऱ्याचा स्वाभिमान शाबूत असे. पूर्वी बोट आपल्या वस्तीकडे दाखवीत, आता घरातल्या बाईकडे दाखवतात. बोट तेच. मला या पत्राची शिसारी आली आणि ते मी चिमट्याने धरल्यासारखे फायलीत लावले.

म्हाळूला मी आजच स्वतंत्र पत्र धाडले आहे. त्यात तीन विधाने आहेत. बन्सीची कूस वेळच्या वेळी बदलली नाही तर कातडी कुजते. कूस बदलण्यास बळ लागते. घरात सर्वांत अधिक बळ म्हाळूचे आहे. निष्कर्ष मी लिहिलेला नाही. दुसऱ्याने काढून हाती दिलेला निष्कर्ष माणूस पाळत नाही, हे मी कोर्टात पुष्कळ पाहिले आहे. तो त्याचा त्याला काढू दे. या पत्राचा उपयोग होईल याबद्दल मला शंका नाही.

तुझे दुखणेखुपणे श्रमाचे असावे. रोज दूध घे आणि दुपारी घटकाभर पाठ टेक.

तुझा,
गेनूमामा


दौंड,
१६ डिसेंबर १९७३

मामांस जयभीम.

पत्राला उशीर झाला. तुमचं पत्र म्हाळूभावजींनी धुरपदाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मंग घडी केली, शर्टाच्या खिशात ठिवली, आन् उंबऱ्यात येऊन मला म्हणले, “वहिनी, मामांचं समदं खरं हाय. खोटं एक बी न्हाई. पर मला वकारी येती.”

आतनं हे म्हणले, “म्हाळ्या, मला बी येती. पर मला जाता येत न्हाई.”

भावजी तसंच डबा घेऊन ड्यूटीवर गेले.

आता माझं लिहिती. लाज वाटती, पर तुम्ही कोर्टात याच्याहून वंगाळ ऐकलं असंल. उचलून उचलून माझं अंग खाली आलंय. मी वरीसभर कुणाला सांगितलं न्हाई. वर्गात वळकटी उचलताना मी वाकून बसले, तवा शेवंताबाईनं वळखलं आन् मला पडद्यामागं नेलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. आपरेशन करावंच लागंल म्हणत्यात. महिना-दीड महिना तिकडं, आन् मंग जड काही उचलायचं न्हाई, कधीच न्हाई. मी डाक्टरणीला इचारलं, “नवरा उचलला तर चालंल का?” ती म्हणली, “नवरा जड असतो का हलका?” मी म्हणलं, “निम्मा.” तिला काय कळलं न्हाई.

मी तारीख घेतली न्हाई. मी गेले तर ह्यांना कूस कोण देणार?

दुसरं. सव्वीस जानेवारीला वर्गाचा शेवटचा कार्यक्रम हाय. समितीला हे स्टेजवर पाहिजेत, वर्दी घालून. ह्यांनी न्हाई म्हणून सांगितलंय. पर एक जानेवारीला कोरेगावच्या स्तंभाला जायचं म्हणत्यात, वर्दी घालूनच. म्हणले, “तितं मला कुणी बोलावलं न्हाई, म्हणून जायचंय.” टेंपोत गादी टाकून नेऊ.

तुमची,
ललिता


शिरूर,
२३ डिसेंबर १९७३

चि. ललिता हिस जयभीम.

दूध घेण्याचा माझा सल्ला रद्द समज. तो अपुऱ्या माहितीवर दिला होता आणि मूर्खपणाचा होता.

शस्त्रक्रियेची तारीख घे. यावर युक्तिवाद नको. तू कोसळलीस तर बन्सीला कूस देणारे कोणी उरत नाही. तू महिनाभर गेलीस तरी उरत नाही. मात्र दुसऱ्या प्रसंगी तू परत येतेस, पहिल्या प्रसंगी येत नाहीस.

मधल्या काळासाठी मी माणूस शोधत आहे. येथील एका दवाखान्यात मलमपट्टी करणारा कोंडिबा नावाचा इसम आहे. त्याला बोलावले. काम ऐकून त्याने डोळ्यांत पाणी आणले. “जवानाची सेवा म्हंजी देवाची सेवा, वकीलसाहेब. कवा निघू बोला.” माझ्याकडे सर्व जातींचे अशील येत असतात, हे कोणा अशिलाचे घर असेल असे त्याने धरले असावे. रुग्ण माझा भाचेजावई आहे असे मी सांगताच त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, “व्हय का... मंग घरी इचारून सांगतो.” तो अद्याप विचारतो आहे. माझे नाते कळेपर्यंत बन्सी देव होता. हे मी रागाने लिहीत नाही. राग येण्यासाठी काहीतरी अनपेक्षित घडावे लागते. मला फक्त तो बसला होता ती खुर्ची पुसावीशी वाटली, आणि मी ती पुसली.

सव्वीस जानेवारीस बन्सीने नाही म्हटले ते योग्य केले. कोरेगावला जायचे की नाही हे त्याने ठरवावे. स्टेजवर त्याला बसवायचे की नाही हेही त्यानेच ठरवावे, आणि ते त्याने ठरवले आहे. समितीने पुन्हा विचारले तर मला कळव.

तुझा,
गेनूमामा


दौंड,
३० जानेवारी १९७४

मामांस ललिताचा जयभीम.

तुम्हाला कळवायला पाहिजे होतं. कळवलं न्हाई. आता समदं लिहिती, मधीच पत्र टाकू नका.

कोरेगावचं चांगलं झालं. टेंपोत गादी, गादीवर हे. वाटंत थांबून थांबून मी कूस दिली. स्तंभापाशी वर्दीचा कोट तेवढा घातला, खाली मऊ लुगडं गुंडाळलं, वर चादर. खांद्यावर घेऊन पोरांनी जवळ नेलं. ह्यांनी सॅल्यूट केला, झालं. कुणी भाषण केलं न्हाई. घरी आल्यावर पाठ बघितली, जरासुद्धा लाल न्हाई.

मंग वीस तारखेला पोपटराव घरी आले. पायरीवरच उभं राहिले. म्हणले, “बाईंचं आपरेशन हाय असं कळलं. समितीतर्फे दवाखान्यातला शिकलेला माणूस देऊ की महिनाभर. तुम्ही तेवढं सव्वीसला स्टेजवर या.” ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. हे म्हणले, “येतो.” माझ्यापायी म्हणले, मामा.

ह्यांची वर्दी समितीनं आधीच नेली व्हती, धोब्यानं तिला खळ घालून पुठ्ठ्यावानी करून दिली. समितीनं आमच्या हातात आयती दिली आन् अख्खी पँट चढवायला लावली. शेवंताबाई म्हणली, “कडक शिवण नको, अंगाला काचंल, त्यांना कळणार न्हाई.” पोपटराव म्हणले, “जवान लुंगीत बसवू का?” लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसवलं आन् पडू ने म्हणून छातीला पट्टा आवळला. सकाळी बसवलं, भाषणं दुपारपातूर. मी दोनदा उठले कूस द्यायला, तर स्वयंसेवक म्हणतो, “बसा बाई, साहेब बोलतायत.” शेवंताबाई स्टेजवर जाऊन कानात सांगून आली. पोपटराव माईकमधीच म्हणले, “आमच्या नर्सबाईंना वीराची काळजी. पर वीर दमत नसतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंग मला बोलावलं. वर्गात काय शिकले ते करून दाखवा. टेबलावर गादी टाकली, ह्यांना आडवं केलं. पोपटराव म्हणत्यात, “पडदा नको, पाठीमागच्यांना दिसत न्हाई.” वळवताना पँट सरकली, नळी दिसली, पिशवी दिसली. म्होरच्या रांगंतल्या बायांनी पदर तोंडाला लावला. पाठीमागं पोरं उभी राहून बघत व्हती. मी ह्यांच्या अंगावर माझा पदर टाकला. फोटोवाला म्हणतो, “बाई, बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

मला सर्टिफिकेट दिलं, त्यावर ‘आदर्श वीरपत्नी’ लिवलंय.

घरी आणून पँट काढली तवा माकडहाडावर शिवणीची रेघ उमटलेली, आन् तिच्या खाली कातडी काळीनिळी. दोन दिसांनी फुटली. आता एवढा खड्डा हाय की त्यात लिंबू बसंल. वास येतो. ताप हाय. रेल्वेचे डाक्टर सुया देत्यात. माणूस पाठवतो म्हणले त्याचा पत्ता न्हाई. म्हाळूभावजी इचारायला गेले, तर पोपटराव म्हणले, “कार्यक्रमाचा हिशोब लागू द्या.”

काल हे म्हणले, “ललिता, तुमच्या वर्गातली वळकटी म्हंजी मीच की गं.”

बारा फेब्रुवारी तारीख घेतली व्हती. आता रद्द करती.

तुमची,
ललिता


शिरूर,
२ फेब्रुवारी १९७४

चि. ललिता हिस जयभीम.

तारीख रद्द करू नकोस.

तुझे पत्र वाचून मी उठलो आणि समितीला द्यायची नोटीस लिहिण्यास बसलो. चांगली झाली. परिच्छेद चोख आहेत. पुण्याच्या वर्तमानपत्रासाठी एक निवेदनही लिहिले. शिसारी नेमकी कशाची येते हे मला स्वतःसाठी स्पष्ट करून हवे होते, म्हणून ते इथेही लिहितो. बन्सीच्या जखमेची येते, हे खरे आहे. तुझ्या शब्दांतूनही वास माझ्यापर्यंत आला. पण ती देहाची प्रतिक्रिया आहे, तिला नैतिक अर्थ नाही. दुसरी शिसारी वेगळी आहे. बन्सी जिवंत आहे याचे त्या सभेला काहीही नव्हते. त्यांना पुतळा हवा होता आणि पुतळा महाग पडतो. त्यांनी एका माणसाला खळ घालून पुतळ्यासारखे कडक केले, वर्गाच्या नावाखाली त्याची लाज उघडी केली, आणि ज्या बाईने ती झाकली तिला उजेड अडवते म्हणून बाजूला सारले. जखम एका गणवेशाने झाली, त्याच गणवेशाला त्या दिवशी सलामी दिली गेली. यातल्या एकालाही ओकारी आली नाही. ज्यांना यायला हवी होती त्यांना येत नाही, आणि आपला म्हाळू एका भांड्याला पाहून उंबऱ्यात अडतो. किळसेची वाटणी अशी उलटी झालेली मी दुसरी पाहिलेली नाही.

नोटीस पाकिटात घालताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. या कागदाने बन्सीची कूस बदलणार नाही. निवेदनानेही नाही. आणि म्हाळूला मी जी तीन विधाने पाठवली होती ती माझ्यापाशीही होती. शेवटचे विधान सोडले तर बाकीची मलाही लागू होतात. निष्कर्ष मी त्याच्यावर सोडला; स्वतःच्या बाबतीत काढलाच नव्हता. ‘वकारी येती’ या उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. वकारी मलाही येते. त्यामुळे त्याला ते खोडून दाखवण्याचा एकच मार्ग उरतो.

मी बुधवारच्या एस.टी.ने दौंडला येत आहे. तू निघेपर्यंत मला शिकव. शेवंताबाईंना एकदा येण्यास विनंती कर. त्या बायांनाच शिकवतात हे मला मान्य नाही, हेही त्यांना सांग.

नोटीस सोबत आणतो. ती पाठवू, पण नंतर.

तुझा,
गेनूमामा


पुणे,
१९ फेब्रुवारी १९७४

मामांस जयभीम.

आपरेशन झालं. बरी हाय. उठून बसती. शेजारच्या खाटंवरची बाई इचारती, “घरी कोण हाय गं मालकाजवळ?” मी म्हणलं, “वकील.” ती म्हणली, “केस चालू हाय व्हय?”

जखम कशी हाय? ‘बरं हाय’ असं लिहू नका. तुम्ही खोटं लिहित न्हाई म्हणून तुम्हाला इचारती. तुम्हाला जमत नसंल तर तसं लिहा, मी डाक्टरणीला सांगून लवकर सुटून येती. ती टाके काढल्याबिगर सोडत न्हाई म्हणती, पर मी येईन.

तुमची,
ललिता


दौंड,
२४ फेब्रुवारी १९७४

चि. ललिता हिस जयभीम.

तू खरे लिहिण्यास सांगितले आहेस. खरे असे.

तू पुण्याला निघालीस त्याच सकाळी मी भांडे काढले आणि ओकलो. बादलीत ओकलो, म्हणजे नीटनेटके. बन्सी पालथा होता, त्याला दिसले नाही पण ऐकू आले. “मामा, तुमच्याखाली बी भांडं सरकवू का?” म्हणाला. मी त्याला गप्प राहण्यास सांगितले. तो राहिला नाही. दुसऱ्या दिवशीही ओकलो. तिसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी काम केले, म्हणून फक्त उमळून आले. आजही येते. लोक सांगतात तसे सवयीने ते जात नाही. निदान माझे गेलेले नाही. ते बाजूला उभे राहते आणि मी काम करतो.

जखम धुताना सुरुवातीला काळपट मांसाचे लोंबते तुकडे होते. शेवंताबाईंनी ते कात्रीने कापले आणि मला दिवा धरायला लावला. त्या कापीत होत्या आणि मी मनात पोपटरावांचे भाषण म्हणत होतो: वीर दमत नसतो. प्रत्येक शब्दाबरोबर एक तुकडा खाली पडत होता. एवढा तिरस्कार मला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता, आणि त्या वेळी माझे हात स्थिर होते, हेही नोंदवतो.

माझ्या वयात माझ्या एकट्याने बन्सी वळत नाही. हे तुला ठाऊक होते, तू बोलली नाहीस. तू गेलीस त्याच दुपारी मी त्याचे खांदे वळवले आणि कमरेपाशी अडलो. तो अर्धा वळलेला, मी वाकलेला, पाठीत चमक भरलेली. सोडले तर तो जखमेवर आदळणार. म्हाळू उंबऱ्यात उभा होता, हातात डबा. मी त्याला म्हणालो, “म्हाळू, विचार कर. मी आता हात सोडला तर काय होईल?” तो म्हणाला, “मामा, सोडू नका.” मी म्हणालो, “हे उत्तर नव्हे.” तेव्हा बन्सी ओरडला, “मामा, वकिली ठिवा! म्हाळ्या, पाय धर!”

म्हाळूने डबा खाली ठेवला. दोन ढांगांत आत आला आणि पाय धरले. शेडमध्ये जडभारी लोखंड फिरवतात तसा त्याने एकाच लयीत भाऊ फिरवला. मला जे अर्ध्या तासात जमत नव्हते ते एका श्वासात झाले. मग त्याची नजर खाली गेली, त्याने जखम पाहिली. ती त्याने आजवर पाहिली नव्हती. तोंडावर हात दाबून तो नळाकडे धावला. नळाशी त्याचे ओकणे आम्ही दोघांनी ऐकले. बन्सी म्हणाला, “आता तिघं झालो.”

दुसऱ्या दिवशी म्हाळू ड्यूटीवरून आला तो नाकाला शेडमधला तेलकट फडका बांधून. त्या वासापुढे दुसरा वास टिकत नाही म्हणतो. मी मागितला तर मलाही एक आणून दिला. आम्ही दोघे दरोडेखोरांसारखे दिसतो. धुरपदा पदराआडून हसते. ती हात लावत नाही, पण नळी उकळते, पट्ट्या वाळवते आणि उंबऱ्याबाहेरून हाक मारते, “वेळ झाली, उजवीवर घ्या त्यांना.” तेवढ्यात आमचे भागते. माझ्यादेखत म्हाळूने अजून भांडे काढलेले नाही. मी त्याला त्याबद्दल काही सांगितलेले नाही. मात्र काल मी उठायच्या आत भांडे रिकामे आणि धुतलेले होते, आणि तो कोपऱ्यात उभा राहून खिडकीतून फलाटाकडे पाहत होता.

परवा पोपटराव आले. आम्ही पट्टी बदलत होतो. सोबत फोटोवाला, आणि काखेत काचेची चौकट. कार्यक्रमाचे छायाचित्र भेट द्यायला आणले होते. छायाचित्रात पोपटराव मध्यभागी, बाजूला टेबलावर बन्सी, आणि कडेला तुझे कोपरापर्यंतचे दोन हात. वरचा भाग कापला आहे. मी म्हणालो, “आत या. जखम उघडी आहे. तुमच्या कार्यक्रमात झाली आहे, पाहून घ्या.” ते पायरीवरच थांबले. खिशातून रुमाल काढला. धुतलेला, इस्त्री केलेला रुमाल. मी तो रुमाल ओळखतो. माझ्यापाशीही तसलेच आहेत.

“दिलेला माणूस कुठं हाय, साहेब?” बन्सीने विचारले. “बघतो, बघतो,” असे म्हणत त्यांनी चौकट पायरीवर ठेवली आणि गेले. नोटीस मी दुसऱ्या दिवशी रजिस्टरने पाठवली. तिचे काय व्हायचे ते होईल.

चौकट टाकून द्यावी असे माझे मत होते. बन्सी म्हणाला, “टाकू नका मामा, मापाची हाय.” त्याचे बरोबर होते. म्हाळूने काच काढली, मागची फळी ठेवली. ती भांड्यावर झाकण म्हणून बसते, छायाचित्राची बाजू खाली करून.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. ताप चार दिवस नाही. जखमेची कड गुलाबी होऊ लागली आहे. शेवंताबाई त्याला चांगले म्हणतात. खोली कमी होत आहे, पण लिंबू अजून बसेल. भरायला उन्हाळा जाईल. दुसरी जागा लाल झालेली नाही, रोज पाहतो.

टाके काढल्याशिवाय येऊ नकोस. काढल्यावरही डॉक्टरीण सांगेल तेव्हाच ये. आल्यावर तुला काही उचलायचे नाही; ते काम वाटून झाले आहे आणि त्या वाटणीत तुझे नाव नाही.

धुरपदेची हाक आली. म्हाळू फडका बांधतो आहे. डावी कूस झाली, आता उजवी. पत्र इथे थांबवतो, हात धुतलेले आहेत तोवर.

तुझा,
गेनूमामा